तेच चाक पुन्हा पुन्हा का बसतं? नागपूरहून डोंगरात सायकली नेणाऱ्यांसाठी पंक्चरचा तपास

तक्रार ओळखीची आहे. चार मित्र, दोन गाड्या, मागे बांधलेल्या सायकली. तर्री-पोहे खाऊन नागपूर सोडलं, सावनेर-सौंसर मागे टाकलं, छिंदवाड्याला चहा झाला आणि तामियाच्या पुढे सायकली उतरवल्या. तासाभरात एकाचं मागचं चाक बसलं. नवी ट्यूब टाकली, ती अर्ध्या तासात बसली. मग ठिगळ लावलेली जुनी टाकली, तीही बसली. पंचमढी राहते बाजूला आणि मोहाच्या झाडाखाली निदानं सुरू होतात: ट्यूबच चायना आहे, हवा जास्त झाली, उन्हानं फुटली, तू वजन कमी कर बे. पुढच्या वेळी चिखलदऱ्याला जातात, तर त्याच सायकलचं तेच चाक.

चाक एकदा बसलं तर नशिबाला बोल लावून मोकळं व्हावं. तेच चाक वारंवार बसत असेल तर कारण त्या चाकातच मुक्काम ठोकून आहे, आणि आपण दर वेळी ते तसंच ठेवून वरून नवी ट्यूब चढवतो आहोत. ठिगळ लावणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. त्याआधी भोक कुठे पडलंय आणि कशानं पडलंय हे कळलं पाहिजे. हे कळण्यासाठी लागणारा सगळा पुरावा त्या बसलेल्या ट्यूबमध्येच असतो. तोच आपण घाईत ओढून काढतो, गोळा करून बॅगेत कोंबतो.

टायर उघडण्याआधी

पहिल्यांदा व्हॉल्व्ह बघा. थोडी हवा भरा, व्हॉल्व्हच्या टोकावर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पंक्चर नाहीच. आतला पिन सैल झाला आहे. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह आणि आटे फिरवून बसवायचा पंप, ही जोडी असली की पंप काढताना पिनही थोडा फिरून येतो. पिन घट्ट केला की झालं. रात्रभरात हवा जाते आणि पाण्यात बुडवलं तर भोक सापडत नाही, अशा बऱ्याच केसेस इथेच निकाली निघतात.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर टायरची एकच कड रिमबाहेर काढा. ट्यूब काढण्याआधी दोन खुणा: व्हॉल्व्हसमोर टायरवर कोणतं अक्षर आहे ते बघून ठेवा, आणि ट्यूबच्या चेनकडच्या अंगाला पेनानं रेघ मारा. टायरवरचं कंपनीचं नाव कायम व्हॉल्व्हपाशी येईल असं टायर बसवायची सवय असेल तर पहिली खूण आपोआप होते. हे शोभेसाठी करतात असं वाटतं, पण कामाचं आहे. ट्यूबमध्ये भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच धरायची. टायरमध्ये बोट कुठे फिरवायचं ते लगेच कळतं.

भोक शोधायला ट्यूब दुप्पट जाड होईस्तोवर फुगवा. घरी असाल तर घमेल्यात पाणी घ्या. रानात पाणी पिण्यापुरतंच असतं, तेव्हा ट्यूब गालाजवळून आणि ओठांजवळून हळूहळू फिरवायची. वाऱ्याची बारीक धारही तिथे जाणवते, बोटांना जाणवत नाही. आणि एक भोक सापडलं म्हणून थांबू नका. आपल्या भागातल्या ट्यूबला एकटं भोक फार कमी वेळा असतं.

आता भोक कुठे आहे ते बघा. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे टायरकडे असेल तर काहीतरी रस्त्यावरून आत आलं. आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर दोष चाकाचा. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल तर ट्यूब आत सरकते आहे. जुन्या ठिगळाच्या कडेतून हवा येत असेल तर ठिगळ लावण्यातच चूक.

बाहेरच्या अंगाचं भोक: काटा आत राहिलाय

विदर्भात दर वेळी इथूनच सुरुवात करावी.

शेताला काट्याचं कुंपण घालायची आपल्याकडे जुनी रीत. बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून धुऱ्यावर अंथरतात. हंगाम संपला की ते कुंपण बाजूला ओढतात, आणि ओढतात कुठे, तर पांदणीवर. फेटरी-माहूरझरीकडच्या पांदणी घ्या, काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमधले रस्ते घ्या, नाहीतर रामटेकच्या अलीकडची गावं. जानेवारीपासून पुढे मऊ धुळीखाली काटे पसरलेले असतात. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो. गाडीनं डोंगरात पोहोचल्यावर जे पंक्चर "तामियाला झालं" असं आपण म्हणतो, त्याचा काटा बहुतेक वेळा आदल्या रविवारी नागपूरच्या आसपासच टायरमध्ये शिरलेला असतो.

बाभळीचा काटा सरळ, पांढुरका, लांब. चांगला दोन-तीन इंचांचा असू शकतो. तो टायरमध्ये घुसतो, आपण तो ओढतो, वरचा भाग हातात येतो आणि काम झालं असं वाटतं. टोक मात्र रबराच्या आत मोडून राहतं. बाहेरून दिसत नाही, आतून बोट फिरवलं तरी लागत नाही. टायर रिकामा असताना ते रबरात लपलेलं असतं. तुमचं वजन आलं, टायर दगडावर दबला की ते मिलिमीटरभर आत डोकावतं आणि ट्यूबला टोचतं. म्हणून नवी ट्यूब लगेच बसत नाही, अर्ध्या तासानं बसते. या अर्ध्या तासामुळेच सगळ्यांना वाटतं की हे नवीन पंक्चर आहे. नवीन भोक, काटा जुनाच.

सराट्याची गोष्ट वेगळी. जमिनीसरशी पसरणारं, पिवळ्या बारीक फुलांचं ते गवतासारखं झाड पावसाळ्यात उगवतं आणि दिवाळीच्या सुमारास त्याची फळं वाळून दगडासारखी होतात. फळाचे तुकडे कसेही पडोत, एखादं टोक वर राहतंच. काटा आखूड असल्यानं भोक सुईच्या टोकाएवढं पडतं, पण एक सराटा आला म्हणजे दहा आले. रस्त्याच्या कडेला, पडीक मैदानात, गाडी उभी करायला आपण जी मोकळी जागा निवडतो नेमकी तिथे. सायकल गाडीवरून उतरवून त्या जागेतून ढकलत नेली की राइड सुरू व्हायच्या आधीच मालमसाला भरून होतो. सायकल उचलून डांबरावर आणा आणि मग टेकवा. हसतील लोक, हसू द्या.

बोरीचा काटा वाकडा आणि बारीक, तो ओढताना हमखास तुटतो. पऱ्हाटी उपटल्यावर किंवा तूर कापल्यावर उरलेले तिरपे खुंट हे काटे नव्हेत, खिळे आहेत. शेतातून आडवाट काढताना तेवढं भान ठेवलेलं बरं. तुरीच्या खुंटानं पडलेलं भोक ट्यूबच्या ठिगळावर भागत नाही, टायरचं कापडही फाटलेलं असतं.

तर टोक शोधायचं कसं? बोट हे शेवटचं साधन, कारण एकतर बोटाला लागत नाही आणि लागलंच तर बोटात जातं. कापूस घ्या. देवघरातल्या वातीचा कापूस चालतो. त्याचा सैल गोळा करून टायरच्या आतून दोन्ही दिशांनी गोल फिरवा. जिथे धागा अडकला तिथे काहीतरी आहे. मग ट्यूबवरच्या भोकासमोरची जागा धरून टायर दोन्ही हातांनी उलटा वाकवा, आतली बाजू बाहेर येईल इतका. रबर ताणलं गेलं की लपलेलं टोक काळ्या ठिपक्यासारखं वर येतं. सेफ्टी पिननं आतून बाहेर ढकला किंवा चिमट्यानं ओढा. नेल कटरची चोचही चालते. काढल्यावर पुन्हा कापूस फिरवा. बाहेरूनही टायर उजेडात बघत एक फेरी मारा. नक्षीच्या खोबणीत तपकिरी ठिपका दिसला की पिननं उकरा. काटा नसेल तर काचेचा कण असेल, खडीची चिप असेल. रबरात रुतलेली काहीही टोकदार वस्तू आज ना उद्या आत जाणारच, कारण चाकाच्या प्रत्येक फेरीत तिच्यावर हातोडी बसते.

याला पंधरा मिनिटं लागतात आणि त्याच पंधरा मिनिटांसाठी ग्रुपमधले बाकीचे घाई करत असतात. करू द्या. भोक सापडलं आणि त्याच्यासमोर टायरमध्ये काही सापडलं नाही, तर ट्यूब बसवू नका. काटा सापडेपर्यंत शोधा, नाहीतर तीच जागा ट्यूब उलटी धरून पुन्हा तपासा.

पावसाळ्यात हाच त्रास दुसऱ्या वेशात येतो. काळी माती टायरला चिकटून बसते, काटे त्या लोण्यात रुततात आणि दिसतच नाहीत. वर ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, म्हणून पावसात काच आणि टोकदार खडीचे वार जास्त खोल. पावसाळी ट्रिपनंतर टायर धुऊन, वाळवून, मगच काटे शोधा.

आतल्या अंगाचं भोक

इथे रस्त्याला दोष देऊन उपयोग नाही. टायर बाजूला ठेवा आणि रिम बघा. स्पोकच्या टोकांवरून जी पट्टी जाते ती सरकली असेल, मऊ पडली असेल किंवा अरुंद असेल, तर ट्यूब स्पोकच्या खड्ड्यात फुगते आणि त्या कडेवर कापली जाते. स्वस्त सायकलींना पातळ रबरी पट्टी असते. उन्हाळ्यात ती ताणून एका बाजूला जाते. भोकं सगळी आतल्या अंगाला आणि ठरावीक अंतरावर असतील तर दुसरं काही शोधायची गरज नाही. कापडी किंवा नायलॉनची, रिमच्या आतल्या रुंदीची पट्टी लावा. रानात असाल तर इलेक्ट्रिकल टेपचे दोन वेढे घरी पोचवतील, पण गोंद उष्णतेनं वितळतो, म्हणून ते कायमचं समजू नका.

कधी एखाद्या स्पोकचं टोक निपलमधून, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटमधून, वर आलेलं असतं. मेकॅनिकनं चाक सरळ करताना स्पोक जास्त कसला की हे होतं. कानशीनं घासून टाका.

जोडीचं भोक, म्हणजे हवेचा हिशेब

चाक दगडावर आपटलं, टायर पूर्ण दबला आणि ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चेपली गेली, तर शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. सायकलवाले याला स्नेकबाइट म्हणतात. कारण जवळजवळ नेहमी एकच, हवा कमी.

चिखलदऱ्याच्या बाजूला हे जास्त होतं. गाविलगडच्या आसपासचा तो सगळा डोंगर बेसाल्टचा, आपल्या सेमिनरी हिल्ससारखाच काळा दगड, आणि फुटला की कडा धारदार. पंचमढीचा दगड वालुकाश्म. तिथे वाळू आणि गोलसर कडा जास्त, तिथे चाक घसरतं पण चेपल्या जाण्याची तक्रार कमी. एकाच हवेवर दोन्ही ठिकाणी चालवणाऱ्याला चिखलदऱ्यात त्रास होणारच.

किती हवा? साधारण ७० किलोच्या माणसाला, २.२ इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून (पंपाच्या मीटरवरचं दाबाचं माप) सुरुवात करा. धारदार दगड असतील किंवा वजन जास्त असेल तर दोन-तीन वाढवा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नसते. गंमत म्हणजे हा दाब छोट्या कारच्या टायरइतकाच आहे. तरी पेट्रोल पंपावर कारच्या नळीनं सायकलमध्ये हवा भरू नये, कारण सायकलच्या टायरमध्ये जागा फार कमी. मीटरचा काटा हलेपर्यंत टायर रिमबाहेर येतो. पायपंप आणि त्याच्यावरचं मीटर, दोन्ही आपलेच असावेत. अंगठ्यानं दाबून "ठीक आहे" म्हणणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांचं मागचं चाक बघा.

वारंवार जोडीचं भोक पडण्यामागे अजून एक साधं कारण आहे. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपत असते. गेल्या ट्रिपला भरलेली हवा गॅलरीत टांगलेल्या सायकलमध्ये या ट्रिपपर्यंत राहत नाही. मीटर राइडच्या सकाळी लावायचं, नागपूर सोडताना नव्हे.

उंचीवर गेल्यानं हवा वाढते हे खरं आहे, पण नागपूरची उंची ३०० मीटरच्या थोडी वर आणि पंचमढीची हजाराच्या थोडी वर. तेवढ्यानं मीटरवर साधारण सव्वा पीएसआयचा फरक पडतो. त्याचा विचार करू नका.

दोन बारीक भोकं टायरच्या कडेला अगदी लागून असतील आणि टायर नुकताच उघडला असेल, तर दगडाला सोडा. ते टायर चढवताना लिव्हरनं (टायर उचकटायच्या पट्टीनं) किंवा स्क्रू ड्रायव्हरनं पडलेलं आहे. टायर व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूनं चढवायला घ्या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. चढलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणली की शेवटचा भागही हातानंच चढतो, लोखंड लागत नाही.

व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर

व्हॉल्व्ह तिरका उभा दिसतोय का बघा. हवा कमी असताना जोरात ब्रेक मारले की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो, आणि व्हॉल्व्ह भोकात अडकलेला असल्यानं तिथे फाटतो. यावर ठिगळ बसत नाही, ट्यूब गेली. पुढच्या ट्यूबला टाल्कम पावडर चोळून मग आत टाका, हवा पुरेशी ठेवा, व्हॉल्व्हची चकती हातानंच आवळा, पकडीनं नाही. व्हॉल्व्ह तिरका दिसेल त्या दिवशी हवा काढून टायर मागे सरकवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ट्यूब वाचते.

ठिगळ सुटतं: उन्हाचा खरा हात इथे

"उन्हानं फुटली" हे आपल्या गावचं आवडतं निदान. हिशेब करून बघा. २५ अंशांना भरलेली ३० पीएसआय हवा मे महिन्यातल्या बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापली तरी ३५ च्या आसपास जाते. माउंटन बाइकचा टायर एवढ्यानं फुटत नाही. ऊन जे करतं ते वेगळंच: कच्चं ठिगळ सोडवतं, रिमची पट्टी सरकवतं, उघडलेली सोल्युशनची ट्यूब वाळवून टाकतं. नागपूरच्या मेमध्ये आधीच अर्धवट चिकटलेलं ठिगळ छिंदवाडा येईपर्यंत टिकत नाही.

ठिगळ टिकवायचं तर घाई नको. भोकाभोवतीचा भाग सरस कागदानं चांगला घासा, ठिगळापेक्षा मोठा. साच्याची उभी रेघ जात असेल तर ती घासून सपाट करा, नाहीतर हवा त्या रेघेवरून पळते. घामाचं बोट लावू नका. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. चकाकी जाऊन वरचा थर कोरडा झाला, पाच मिनिटं गेली, की मगच ठिगळ दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेलं ठिगळ चिकटल्यासारखं दिसतं, चिकटलेलं नसतं. आपल्या रस्त्यांवरचे निम्मे "नवीन पंक्चर" हेच असतात असं मला वाटतं. स्टिकरसारखी बिनसोल्युशनची ठिगळं थंडीत ठीक आहेत, उन्हाळ्यात फक्त घरी पोहोचण्यापुरती.

आणि एक सांगायचं तर गावातल्या पंक्चरवाल्याकडे जायला लाजू नये. गरम प्रेसवर पक्कं केलेलं ठिगळ आपल्या पाकिटातल्या ठिगळापेक्षा दणकट असतं. फक्त टायर उघडताना त्याच्या हातातला पाना जरा मऊपणे चालवायला सांगा, आणि प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर आपला आपण न्या. त्याच्या नळीला तो बारीक व्हॉल्व्ह बसत नाही. जुन्या ट्यूबची पट्टी टायरमध्ये टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. ती पट्टी काटे अडवते खरी, पण तिचीच कड ट्यूबवर घासून काही दिवसांत भोक पाडते.

गाडीवर काय होतं

चाक न चालवता गाडीतून उतरल्यावरच बसलेलं सापडत असेल तर सायलेन्सर बघा. मागच्या रॅकवर सायकल खाली टांगली असेल आणि तिचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत असेल, तर गरम धूर थेट टायरवर लागतो. घाटात तास-दीड तास हे चाललं तर रबर आणि ट्यूब दोन्ही जातात, आणि दर ट्रिपला तीच जागा त्याच सायकलला मिळत असेल तर तेच चाक दर वेळी जातं. सायकल उलट बाजूनं टांगा किंवा वर घ्या. डिक्कीत आडव्या रचलेल्या सायकलींमध्ये एकीचा पेडल दुसरीच्या व्हॉल्व्हवर टेकून बसतो. मध्ये जुनी चादर घाला.

"ट्यूबलेस करून टाक ना"

हा सल्ला बरोबर आहे, पण सगळ्यांसाठी नाही. दर आठवड्याला सायकल चालवणाऱ्यासाठी विदर्भात ट्यूबलेसशिवाय पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. टायरमध्ये ओतलेलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा चिकट द्रव, काट्याची बारीक भोकं जागच्या जागी बुजवतं, आणि ट्यूबच नसल्यानं जोडीचं भोक हा प्रकार संपतो. रिम मात्र त्यासाठी बनवलेली हवी.

वर्षात दोन-तीनदा सायकल खाली काढणाऱ्याला मी ती भानगड सांगणार नाही. सीलंट वाळतं, आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत त्याचा पापुद्रा होतो, आणि मग टायर कोरडाच धावतो. त्यापेक्षा जाड ट्यूब घ्या आणि पिन निघणारा व्हॉल्व्ह असेल तर त्या ट्यूबमध्येच ट्रिपच्या आधी थोडं सीलंट भरा. सराट्यांपुरतं ते पुरतं.

ट्यूबलेसवाल्यांचा एक खास सापळा आहे आणि त्यात अनुभवी लोक अडकतात. टायर कापला गेला, सीलंटनं दाद दिली नाही, म्हणून रानात आत ट्यूब टाकली. ती दहा मिनिटांत बसली. कारण त्या टायरमध्ये महिनोनमहिने शिरलेले काटे सीलंटनं बुजवून ठेवले होते, काढले नव्हते. ट्यूबला ते सगळे एकदम भेटतात. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकायची वेळ आली की आधी कापूस, मग चिमटा, मग ट्यूब. आणि चालता चालता टायरमध्ये काटा दिसला तर लगेच उपटू नका. काटा खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथे जमू द्या, मग ओढा. आत साधी ट्यूब असेल आणि हवा टिकून असेल, तर काटा राहू द्या, सावलीत पोहोचल्यावर बघू.

चौघांची मिळून एक पिशवी

ग्रुपमध्ये प्रत्येकजण समजतो की ट्यूब दुसऱ्यानं घेतली असेल. त्याहून वाईट, चौघांनी चार आणल्या आणि एकही बसत नाही. २६, २७.५ आणि २९ इंची चाकं एकाच ग्रुपमध्ये असतात, व्हॉल्व्ह दोन जातींचे. निघायच्या आदल्या दिवशी हे फोनवर विचारून घ्यावं. अडचणीच्या वेळी २७.५ ची ट्यूब २९ मध्ये ताणून चालते. मोठी ट्यूब छोट्या चाकात मात्र दुमडते आणि त्या घडीवर जाते. प्रेस्टाची ट्यूब जाड व्हॉल्व्हच्या भोकात बसते पण डुगडुगते, उलटं तर जमतच नाही.

बाकी पिशवीत न उघडलेलं सोल्युशन, ठिगळं, सरस कागद, प्लास्टिकचे लिव्हर, सेफ्टी पिना, चिमटा, कापूस, पितळी अडॅप्टर, हातपंप. पिशवी बंद गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका, बॅगेत सोबत ठेवा. आणि ती एकाच्याच पाठीवर असू द्या, जो सगळ्यात मागे चालवतो त्याच्या. पुढच्याकडे असली तर तो पाच किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो आणि रेंज नसते.

टायरच फाटला असेल तर

बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल तर ट्यूब त्यातून बाहेर फुगते आणि लगेच फुटते. तिथे आतून काहीतरी दणकट, ताणलं न जाणारं लावावं लागतं. जुन्या टायरचा तुकडा उत्तम. नसेल तर दुधाच्या पिशवीच्या चार-पाच घड्या, टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा, चिप्सचं पाकीट. खर्र्याची पन्नी चालत नाही राजेहो, फार पातळ असते. ती वापरून बघितलेले लोक मला माहीत आहेत. लावल्यावर हवा नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि दगड टाळत सावकाश गाडीपर्यंत या.

नक्षी झिजून मधून कापडाचे धागे दिसायला लागले असतील, किंवा पूर्वी कापलेल्या जागी टायर फुगवटा धरत असेल, तर या पानावरचा कोणताही उपाय त्याला लागू नाही. नागपुरात बर्डीवर जाऊन नवा टायर घ्या, मागचा आधी.